अक्कलदाढ गेली, पण ओठ अजून भुलेतच आहे – अनुभव हवेत

टिपकागद
डावीकडची खालची अक्कलदाढ काढून आज १९ दिवस झाले. हाडात आडवी झोपली होती, पुढच्या दाढेत डोकं खुपसून. दोनदा पू झाला तेव्हा काढायचं ठरलं. पाऊण तास लागला, सूज आठवड्याभरात उतरली, टाके निघाले, सगळं रीतसर. भूल तेवढी उतरली नाही.

खालच्या ओठाचा डावा अर्धा भाग आणि हनुवटीचाही डावा अर्धा. मध्यावर पट्टी ठेवून कुणी रेघ मारावी इतकी हद्द स्पष्ट आहे. पेला तोंडाला लावला की त्याचा काठ मधूनच तुटलाय असं वाटतं. पहिल्या दिवशी मी खरंच पेला फिरवून बघितला होता. दाढी करताना कापलं तर टॉवेलला रक्त दिसल्यावर कळतं. जेवताना ओठाला काही चिकटलं की बायको काही न बोलता स्वतःच्या हनुवटीला बोट लावते. आमची नवी खूण.

आरशात मात्र काहीच नाही. हसू सरळ, ओठ सरळ. आतून वाटतं की ओठ सुजून दुप्पट झालाय आणि सगळे आपल्याकडेच बघतायत. त्या बाजूचे खालचे पुढचे दातही लाकडाचे बसवल्यासारखे लागतात.

सातव्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "येईल हळूहळू, कधीकधी सहा महिनेही लागतात," आणि बी-१२ च्या गोळ्या दिल्या. संमतीपत्रकात ओठ बधिर होण्याची ओळ होती हे घरी आल्यावर वाचलं. सही माझीच आहे, त्यामुळे भांडायचं कुणाशी?

गेले दोन दिवस हनुवटीत मुंग्या येतायत. हे चांगलं की वाईट? किती दिवस वाट बघायची? वय ३४.

आळशी_मुंगी
मुंग्या म्हणजे चांगलं! माझंही असंच झालं होतं. आधी खाज, मग मुंग्या, मग एका सकाळी ब्रश करताना पेस्टचा गारवा ओठाला कळला. सव्वादोन महिने लागले. त्या सकाळी मी चार वेळा दात घासले. धीर धरा.

तिसरी_घंटा
मुंग्या म्हणजे चांगलंच, असं सरसकट नको म्हणायला. माझ्याही मुंग्याच होत्या. पुढे त्यांचे चटके झाले. सविस्तर लिहिते संध्याकाळी.

दंतोपंत
मी याच धंद्यातला, तेव्हा जरा लांबण लागेल. धाग्यावरून निदान होत नसतं हे आधीच सांगून ठेवतो.

चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी पाचवी मेंदूनस, म्हणजे ट्रायजेमिनल. तिच्या तिसऱ्या फांदीची एक शाखा खालच्या जबड्याच्या हाडात शिरते आणि हाडातल्या बोगद्यातून दाढांच्या मुळांखालून पुढे येते. वाटेत खालच्या दातांना तंतू देते. उपदाढांच्या आसपास हाडाला एक भोक असतं, तिथून बाहेर पडून ओठाला, हनुवटीला आणि पुढच्या हिरडीला जाते. म्हणूनच ओठ आणि दात एकदम बधिर होतात. ही नस मध्यरेषा फारशी ओलांडत नाही, म्हणून तुमची ती पट्टीने मारलेली रेघ.

ओठ हलवण्याचं काम मात्र तिचं नाही, ते सातव्या नसेचं. त्यामुळे हसू सरळच राहणार आणि बघणाऱ्याला तुमचं दुखणं दिसणार नाही. पेशंटला याचाच जास्त त्रास होतो. घरच्यांनाही 'होईल बरं' पलीकडे काही सुचत नाही.

आता वाट किती बघायची. ते नसेचं नेमकं काय झालंय यावर आहे. सेडन नावाच्या सर्जनने १९४३ साली इजेच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या आजही वापरतो. पहिलीत नस नुसती दबते, ताणली जाते. आतले तंतू शाबूत असतात, फक्त निरोप थांबतो. हे काही दिवसांत ते आठवड्यांत परत येतं. दुसरीत आतले तंतू तुटतात पण बाहेरची नळी टिकते, आणि तंतू त्या नळीतून पुन्हा वाढत येतात. वेग साधारण दिवसाला १ मिलिमीटर. अक्कलदाढ ते ओठ हे अंतर लक्षात घ्या, म्हणजे दोन-तीन महिने नुसते चालायलाच लागणार. तिसरीत नसच तुटते, आणि मग आपोआप फारसं काही होत नाही.

तुम्हाला तीन आठवड्यांत मुंग्या सुरू झाल्या याचा अर्थ काहीतरी निरोप पोचतोय. तसं हे बरं लक्षण. पण मुंग्या आणि वेदना यांत फरक करा. कापूस फिरवल्यावर दुखलं, वारा लागून जळजळलं, तर ते 'बरं होतंय' या खात्यात टाकू नका, लगेच सांगा.

आणि 'सहा महिने थांबा' हे वाक्य मला पटत नाही. थांबायचं तर मोजमाप करत थांबायचं. बॉलपेनने बधिर भागाची हद्द चेहऱ्यावर आखा, फोटो काढा, तारीख घाला. आठवड्यातून एकदा, त्याच उजेडात. एखाद्या मॅक्सिलोफेशिअल, म्हणजे जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या सर्जनकडून एकदा रीतसर तपासून घ्या, म्हणजे आजची नोंद राहील. नोंदच नसेल तर तीन महिन्यांनी 'थोडं बरं वाटतंय' यावर कुणी काय ठरवायचं?

टिपकागद
दंतोपंत, एवढं मला कुणीच सांगितलं नव्हतं. आजच आखतो. बी-१२ चं काय? स्टिरॉइड देतात असंही वाचलं.

दंतोपंत
बी-१२ ने नुकसान नाही. कमतरता नसेल तर फायदा होतो याचा पुरावा कच्चा आहे, पण काहीतरी दिल्याचं समाधान दोघांनाही मिळतं. स्टिरॉइडचा छोटा कोर्स नसेभोवतीची सूज उतरवायला अगदी सुरुवातीच्या दिवसांत देतात. एकोणिसाव्या दिवशी मी तरी लिहून देणार नाही.

कोरांटी
माझ्या आईचा किस्सा लिहिते, कारण इथे काहींना इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात घालायचा स्क्रू, बसवायचे असतील.

आईला खालच्या जबड्यात, मागे, इम्प्लांट बसवला. दुपारी घरी आली. रात्री म्हणाली, ओठ अजून जड आहे. आम्ही म्हटलं भूल असेल. सकाळी उठल्यावरही तेच. आईचा स्वभाव असा की डॉक्टरांना उगाच त्रास नको, पुढच्या आठवड्यात जायचंच आहे तेव्हा सांगू. मी न विचारताच फोन केला. पलीकडून ताबडतोब प्रश्न आला, "काल किती वाजता झालं होतं?" आणि लगेच बोलावलं. एक्सरे काढला, इम्प्लांटचं टोक बोगद्याला टेकत होतं. त्याच दुपारी काढून टाकला. आई चिडली, एवढा त्रास सोसून बसवला आणि काढला! पाच आठवड्यांनी ओठ पूर्ण आला. नंतर आखूड इम्प्लांट बसवला, तो अजून छान आहे.

तो फोन आठवड्याने केला असता तर काय झालं असतं याचा मी फार विचार करत नाही.

दंतोपंत
कोरांटी, फोन केलात हे फार बरं झालं. हे सगळ्यांनी नीट वाचा. अक्कलदाढेनंतरच्या बधिरपणात काही आठवडे बघता येतं, इम्प्लांटमध्ये नाही. तिथे नसेवर दाब देणारी वस्तू हाडात बसलेलीच असते. भूल उतरायची वेळ टळून गेली आणि ओठ आला नाही, तर इम्प्लांट साधारण २४ ते ३६ तासांच्या आत काढावा असं मानतात. खरं तर आधीच मोजून इम्प्लांटचं टोक आणि बोगदा यांत निदान २ मिलिमीटर जागा ठेवायची असते.

रूट कॅनॉलचंही तसंच. खालच्या दाढांमध्ये भरण किंवा औषध मुळाच्या टोकातून बाहेर जाऊन बोगद्यात उतरलं, तर दाबही पडतो आणि रसायनानेही नस भाजते. रूट कॅनॉलनंतर दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर 'भूल जास्त दिली असेल' म्हणून गप्प बसू नका. साधी भूल काही तासांची असते, अगदी लांब चालणारी धरली तरी दुसऱ्या दिवसापर्यंत पुरत नाही.

धुकं
ओठाचं चाललंय म्हणून गप्प होते. माझी जीभ. उजवी अर्धी, पुढचा दोन तृतीयांश भाग. तीही अक्कलदाढेनंतरच.

बधिर जीभ म्हणजे तोंडात दुसऱ्याची वस्तू ठेवल्यासारखं. चावली जाते आणि कळतही नाही. बोलताना स आणि श घसरतात, फोनवर लोक "काय?" म्हणतात. त्या बाजूला चव नाही, असलीच तर धातूसारखी. जिभेवरचे ते बारीक लाल ठिपके असतात ना, ते उजवीकडे विरळ झालेत, डॉक्टरांनी आरशात दाखवले.

आळशी_मुंगी
पण जिभेची नस हाडात नसते ना? मग दाढ काढताना तिला कसं लागतं?

दंतोपंत
हाडात नसते, तीच पंचाईत. अक्कलदाढेच्या आतल्या बाजूने, हिरडीखालच्या मऊ भागातून जाते. काहींमध्ये हाडाला अगदी चिकटून, क्वचित हाडाच्या कडेच्या वरून. एक्सरेत दिसत नाही. हिरडी आतल्या बाजूने उचलताना किंवा ड्रिल आतल्या भिंतीपलीकडे गेलं तर सापडते. भुलेच्या सुईनेही कधीकधी हीच दुखावते. सुई टोचताना जिभेत वीज गेल्यासारखं झालं तर ते सांगा. सुईच्या इजा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपल्या आपण बऱ्या होतात.

चवीचे तंतू मुळात सातव्या नसेचे, ते या नसेत येऊन मिळतात आणि पुढचा प्रवास तिच्यातूनच करतात. म्हणून स्पर्श आणि चव दोन्ही जातात.

धुकं, किती महिने झाले? स्पर्श जराही परत आला का?

धुकं
ऑपरेशन झालंय माझं. सव्वातीन महिन्यांत काडीचा फरक नव्हता, आतल्या हिरडीवर बोट दाबलं की जिभेत करंट जायचा. दुसऱ्या सर्जनने पाचव्या महिन्यात सूक्ष्मदर्शकाखाली नस उघडली. मधे गाठ झाली होती, ती काढून दोन टोकं जोडली. आज दीड वर्ष. स्पर्श बराच आलाय, गरम-गार कळतं, जीभ चावणं बंद झालं. चव म्हणाल तर नाहीच. शंभर टक्के होणार नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून तक्रार नाही. पहिल्या ठिकाणी "बघू, बघू" करत गेलेल्या महिन्यांबद्दल मात्र आहे.

स्पष्टवक्त्या_आत्या
सगळा धंदा आहे. अक्कलदाढा काढूच नयेत. आमच्या आजेसासूबाई बत्तीसच्या बत्तीस घेऊन गेल्या.

दंतोपंत
आत्या, निम्मं तुमचं खरं आहे. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने २००० साली सांगितलंच होतं की रोग नसलेल्या अक्कलदाढा सरसकट काढू नका. पण टिपकागद यांना दोनदा पू झाला होता, दाढ आडवी होती. ती ठेवली असती तर पुढची दाढही गेली असती. तेव्हा काढावी का, याहून कशी काढावी हा प्रश्न मोठा.

साध्या मोठ्या एक्सरेत, म्हणजे ओपीजीत, काही खुणा दिसतात. बोगद्याची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली, मुळाचं टोक काळपट, बोगदा मुळापाशी वाकलेला. यातलं काही असेल तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन काढून नस मुळाच्या कुठल्या बाजूला आहे ते बघतात. स्कॅन काढला म्हणून इजा टळेलच असं नाही, पण बेत बदलता येतो. मुळं नसेला मिठी मारून बसली असतील तर कोरोनेक्टमी म्हणजे दाढेचं डोकं कापून काढायचं आणि मुळं तिथेच ठेवायची, हा पर्याय असतो. मुळं पुढे थोडी वर सरकतात, क्वचित नंतर काढावी लागतात, पण तोवर नसेपासून लांब आलेली असतात. दाढ किडून आत पोचली असेल किंवा मुळं हलत असतील तर हे चालत नाही.

आकडे हवेत म्हणून: खालच्या अक्कलदाढेनंतर ओठाचा तात्पुरता बधिरपणा शंभरात काही जणांना होतो, कायमचा शंभरात एकाहून कमी. पंचविशीनंतर, खोल आडव्या दाढेला, धोका वाढतो. ज्याला होतो त्याला टक्केवारी सांगून उपयोग नाही, हेही मला कळतं.

तिसरी_घंटा
लिहिते म्हटलं होतं, आता लिहिते.

सहा वर्षं झाली. माझा ओठ बधिरही आहे आणि दुखतोही. दोन्ही एकदम कसं, असं लोक विचारतात. टाचणी टोचली तर कळत नाही, पण पंख्याचा वारा लागला की हनुवटीवर निखारा ठेवल्यासारखं होतं. केसांची बट उडून ओठाला लागली तरी. मी बाराही महिने ओढणी तोंडापर्यंत घेते, नवीन लोकांना वाटतं सर्दी आहे.

पहिलं वर्ष मी दातात कारण शोधत घालवलं. एक्सरे स्वच्छ, तरी "दात दुखतोय" म्हणून पुढच्या दाढेचं रूट कॅनॉल झालं, मग तीही काढली. दुखणं तसूभर हललं नाही. एका न्यूरॉलॉजिस्टने पाच मिनिटांत सांगितलं की दुखतंय ते दातात नाही, नसेत आहे. साध्या वेदनाशामकांनी हे जात नाही. मला प्रेगाबालिन आणि रात्री अमिट्रिप्टिलिनचा लहान डोस देतात. सुरुवातीला इतकी झोप यायची की चालता चालता डुलकी लागेल. वारा फार असेल त्या दिवशी लिडोकेनची पट्टी. दहापैकी आठ होतं ते तीनवर आलंय. तीनवर जगता येतं.

म्हणून टिपकागद, मुंग्यांचे चटके झाले तर त्याच आठवड्यात बोला. आणि दुखतंय म्हणून शेजारचा चांगला दात काढू देऊ नका.

आळशी_मुंगी
घंटाताई, मी वर फार उत्साहात लिहिलं. क्षमस्व.

तिसरी_घंटा
अगं क्षमा कसली. तुझ्यासारखेच जास्त असतात, तेही लोकांना कळायला हवं.

टिपकागद
दिवस २७. दुसऱ्या सर्जनकडे जाऊन आलो. तपासणी मजेशीर होती. डोळे मिटून बसायचं. कापसाच्या धाग्याने हनुवटीवर रेघ ओढतात आणि विचारतात, वरून खाली की खालून वर? मी सात वेळा आत्मविश्वासाने उत्तर दिलं, चार चुकली. मग टोकदार की बोथट. मग दोन टोकांचा कंपास ओठाला लावून, एक टोक आहे की दोन? उजवीकडे टोकं काही मिलिमीटरवर असतानाच "दोन" कळतं. डावीकडे अंगठ्याच्या पेराएवढं अंतर होईपर्यंत एकच. सगळं कागदावर लिहून घेतलं आणि चेहऱ्याच्या चित्रावर भाग रंगवला. म्हणाले, ओपीजीत पांढरी रेघ तुटलेली दिसतेय, नस दबली असणार, पूर्ण तुटलेली वाटत नाही. वेदना नाही, त्यामुळे आत्ता काही करायचं नाही. तीन महिने पूर्ण होतील तेव्हा परत. तोवर काही फरक नसेल तर ऑपरेशनचं बोलू.

एक व्यायामही दिलाय. आरशासमोर बसून मऊ ब्रश आधी उजव्या बाजूला फिरवायचा, मग तसाच डाव्या, बघत बघत. मेंदूला नव्या निरोपांची ओळख करून द्यायची म्हणे. घरच्यांनी दार ढकललं आणि मला ब्रशने हनुवटी रंगवताना पाहिलं.

दंतोपंत
ब्रशचं टाळू नका. जबडा मागेपुढे करायच्या ऑपरेशनमध्ये हीच नस ताणली जाते आणि बहुतेक पेशंट बधिर ओठ घेऊनच घरी जातात. त्यांच्यात याचा अभ्यास झालाय. नस लवकर वाढत नाही, पण आलेला निरोप वाचायला सोपा जातो आणि त्रास कमी वाटतो.

कोरांटी
एक शंका. माझ्या मैत्रिणीची हनुवटी दाताचं काहीच केलेलं नसताना बधिर झालीये. तिला हा धागा दाखवू का?

दंतोपंत
धागा नको, डॉक्टर दाखवा, या आठवड्यातच. दाताचं काही केलेलं नसताना हनुवटी बधिर होणं ही वेगळी गोष्ट आहे. त्यामागे जबड्यातला जंतुसंसर्ग असू शकतो आणि कधी शरीरात दुसरीकडे असलेला गंभीर आजारही. घाबरवत नाही, पण तपासल्याशिवाय सोडू नका.

टिपकागद
दिवस ९४. रविवारचे अकरा फोटो ओळीने लावून बघितले. सातव्यापर्यंत हद्द हललेली नाही, आणि मी तेव्हा रोज रात्री धुकं यांचा प्रतिसाद वाचत होतो. आठव्या फोटोत हनुवटीच्या खालच्या कडेने रेघ आत सरकलीये. आज बधिर भाग अंगठ्याच्या ठशाएवढा उरलाय, ओठाच्या कोपऱ्याखाली. कापसाच्या रेघा दहापैकी नऊ बरोबर. ऑपरेशनचा विषय बंद. दाढी करताना कापलं तर आता ओरडतो.

पेल्याचा काठ तुटलेला नाही, टवका उडाल्यासारखा लागतो.

दंतोपंत, उजवीकडची खालचीही आडवीच आहे. दुखत नाही, सुजली नाही कधी. सर्जन म्हणाले तुम्ही ठरवा. काय करू?

दंतोपंत
पुढची दाढ किडत नाहीये ना, हे अधूनमधून एक्सरेत बघत जा. बाकी झोपलीये तर झोपू द्या.